बराकपुरातील सकाळची चूल

घर सोडून दूरच्या मुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसाचे पहिल्याप्रथम काय मोडत असेल तर ते सकाळचे खाणे. दुपारचे कचेरीच्या कँटीनमध्ये भागते, रात्रीचे कोणी ना कोणी आग्रहाने घरी बोलावून वाढते; सकाळ मात्र सर्वस्वी एकट्याची असते आणि एकट्यासाठी चूल पेटविण्याचा माणसास कंटाळा येतो. बराकपुरास बदली होऊन आल्यावर पहिले आठ महिने मी स्टेशनाजवळच्या टपरीवर उभ्याउभ्या चहा आणि दोन बिस्किटे एवढ्यावर काढले. सियालदहाकडे जाणाऱ्या लोकलच्या भोंग्यावर कान ठेवून प्यालेल्या त्या चहाची चव आज विचाराल तर मला सांगता येणार नाही.

पुढे एका रविवारी, थोडा ताप येऊन गेल्यानंतर, घरून आणलेला मेतकुटाचा डबा हाताला लागला. बाजारातून गोविंदभोग तांदूळ आणला होता. हा बारीक, आखूड दाण्याचा सुवासिक तांदूळ आपल्या आंबेमोहोराचा बंगालमधला मावसभाऊच म्हणावा. मूठभर तांदूळ धुतला, सहापट पाणी घातले, आंच अगदी मंद ठेवली आणि पातेल्यापाशी स्टूल घेऊन बसलो. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी काहीएक केले नाही. वर येणारा फेस पाहिला आणि अधूनमधून पळी फिरविली. मऊ भात, त्यावर तूप, मेतकूट, बाजूस लिंबाच्या लोणच्याची फोड. जेवून उठलो तेव्हा आपण पुन्हा कोणाचे तरी कोणीतरी आहो असे वाटले. ते 'कोणीतरी' दुसरे कोणी नसून मी स्वतःच होतो, हे ध्यानात येण्यास आणखी काही रविवार जावे लागले.

आता मऊ भातासारख्या क्षुल्लक गोष्टीवर इतिहासाचे पाल्हाळ कशाला, असे वाचक म्हणतील. परंतु ज्या गावी मी हा भात शिजविला त्या गावाचा इतिहास भांड्याकुंड्यांनी आणि चुलींनीच घडलेला आहे. बराकपूर म्हटले की आपणांस मंगल पांडे आठवतो आणि तेथेच आपण थांबतो. पण त्याच्या आधी तेहतीस वर्षे याच छावणीत जे घडले ते स्वयंपाकाच्या पितळी भांड्यांवरून घडले.

हुगळीच्या पूर्व तीरावरील या गावाचे जुने नाव चाणक. कंपनी सरकारने १७७२ साली येथे शिपायांच्या बराकी उभारल्या आणि बराकींचे गाव म्हणून ते बराकपूर झाले. कंपनीच्या बंगाल फौजेतील शिपाई बहुतांशी अवध आणि बिहारकडील ब्राह्मण-राजपूत. दरमहा सात रुपये पगार; त्यातून शिधा स्वतः विकत घ्यायचा आणि स्वतःच शिजवायचा. कवायत संपली की लाल डगला खुंटीस लागे, शिपाई स्नान करी, धोतर नेसे, हातभर जागा सारवून चौका आखी आणि आपली चूल पेटवी. त्या चौक्यात दुसऱ्याचे पाऊल पडणे वर्ज्य, काही जणांच्या लेखी दुसऱ्याची सावलीसुद्धा. 'तीन कनौजिये तेरा चुली' ही म्हण उत्तरेत आहे, ती उगीच नव्हे. प्रत्येकाचा लोटा, थाळी, तवा आणि पातेली वेगळी, आणि सारी पितळेची किंवा लोखंडाची, म्हणजे जड.

१८२४ साली ब्रह्मदेशाशी पहिले युद्ध सुरू झाले. मथुरेकडून जवळजवळ हजार मैल चालत बराकपुरास आलेल्या पलटणींना चितगावच्या वाटेने पुढे जाण्याचा हुकूम झाला. समुद्रमार्गाने जाणे धर्मास बाध आणणारे म्हणून खुष्कीने जायचे. पुन्हा पाचशे मैल. पाठपिशव्या जुन्या नि फाटक्या, त्यांत भांडी मावत ना. भांडी नेण्यास बैल हवेत, तर बैल आधीच रंगूनच्या मोहिमेने ओढून नेलेले. जे बाजारात उरले त्यांची किंमत शिपायास परवडेना. शिपायांनी अर्ज केला : बैल द्या, जादा भत्ता द्या. सरकारचे उत्तर आले की बैलांची सोय ज्याची त्याने पाहावी. १ नोव्हेंबर रोजी ४७ वी पलटण कवायतीस उभी राहिली ती पाठपिशव्या न घेताच.

सरसेनापती सर एडवर्ड पॅजेट कलकत्त्याहून गोऱ्या पलटणी आणि तोफा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे एरवी चुली पेटण्याच्या सुमारास, शिपायांना निर्वाणीचा हुकूम झाला : मोहिमेवर निघा, नाहीतर शस्त्रे ठेवा. त्यांनी दोन्ही केले नाही. तोफा सुटल्या. पांगलेले शिपाई नदीकडे पळाले. कित्येक हुगळीत बुडाले. एकशे ऐंशीच्या सुमारास माणसे मेली असा एक अंदाज सांगतात. नंतर पाहतात तो बहुतेक बंदुका भरलेल्याच नव्हत्या. म्हणजे लढण्याचा बेत नव्हताच. ते उभे राहून आपले गाऱ्हाणे सांगत होते, इतकेच. पुढारी म्हणून बिंदी तिवारी यास फाशी देऊन त्याचे प्रेत साखळदंडांत टांगून ठेवले. अनेकांना बेड्या घालून रस्त्यांच्या कामावर पाठविले आणि ४७ व्या पलटणीचे नाव फौजेच्या यादीतून खोडून टाकले. बराकपुरात बिंदाबाबाचे मंदिर आजही आहे. सकाळी फिरावयास जाताना मी त्यावरून जातो. घंटा वाजविणाऱ्यांपैकी कितीजणांस ठाऊक असेल की हा बाबा स्वयंपाकाची भांडी वाहून नेण्याच्या प्रश्नावर फासावर गेला?

इंग्रज बखरकारांनी या प्रकाराचे वर्णन धर्मवेडेपणा म्हणून केले, आणि आपल्यातील काहींनी स्वातंत्र्ययुद्धाची नांदी म्हणून. मला दोन्हींत काहीतरी निसटते असे वाटते. दिवसभर दुसऱ्याचा डगला घालून दुसऱ्याच्या शब्दावर पाऊल उचलणाऱ्या त्या माणसाला दिवसाचे दोनच तास असे मिळत, की ज्यांत तो शिपाई नसे. तो आपल्या गावचा, आपल्या आईच्या हाताखाली शिकलेला माणूस असे. ते दोन तास त्या पातेल्यात होते. पातेले टाकून चल म्हणणे म्हणजे ते दोन तास टाकून चल म्हणणे. हे एवढे मला, माझ्या रविवारच्या पाऊण तासानंतर, समजू लागले.

याच छावणीत साहेबांची न्याहारीही होती, आणि तिचे नाव मोठे मासलेवाईक होते. सूर्योदयापूर्वी चहा, भाजलेल्या पावाचा तुकडा, एखादे फळ. मग घोड्यावरून रपेट किंवा कवायत. आणि परतल्यावर नऊ-दहाच्या सुमारास खरी न्याहारी. पहिल्या खाण्यास 'छोटी हाजिरी' म्हणत. हाजिरी म्हणजे आपली हजेरी! हा शब्दप्रयोग मुळात बंगाल इलाख्यातला. हजेरीच्या वेळी घ्यावयाचे खाणे म्हणून खाण्यालाच हजेरी म्हणू लागले. आपल्यासारख्या हजेरीपटावर सही करून पोट भरणाऱ्यांना या शब्दाची गंमत अधिक सांगावयास नको. साहेबाची छोटी हाजिरी त्याने स्वतः शिजविलेली नसे हे खरे. खानसामा काळोखात उठून पाणी उकळी. विश्रांती साहेबाची, जाग्रण खानसाम्याचे.

तरी विश्रांतीचे गाव म्हणून बराकपूर नावारूपास आले ते साहेबांमुळेच. लॉर्ड वेलस्लीने १८०१ च्या सुमारास येथे नदीकाठी विस्तीर्ण बाग आखली, प्राणिसंग्रह जमविला आणि भला थोरला राजवाडा बांधण्यास घेतला. त्याच्या खर्चाच्या आकड्यांनी विलायतेतील संचालक हबकले आणि राजवाडा अर्धवट राहिला. तरी पुढचे सारे गव्हर्नर जनरल आठवड्याचे दोन दिवस कलकत्त्याच्या धबडग्यातून सुटून येथील बंगल्यात येत राहिले. लेडी कॅनिंगने येथली बाग स्वतः जातीने लावली. १८६१ साली तिचा अंत झाल्यावर तिला पुरले तेही येथेच. लोक या परिसरास अजून लाटबागान म्हणतात.

लाटबागानच्या समोर, नदीच्या पलीकडे, श्रीरामपूर आहे. मराठी वाचकाने तेथे एकवार नमस्कार करावा. कारण छापलेल्या मराठीचा बराचसा आरंभ तेथला. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथे छापले गेले आणि त्यास घरगुती विषयांवरील संवाद जोडलेले होते. १८१० साली त्याचा कोश निघाला, तो मोडी लिपीत. या कामी त्याचा उजवा हात होता वैजनाथ पंडित. मुंबई-पुण्यास मराठी छापखाना नीटसा उभा राहण्यापूर्वी, डेन्मार्कच्या राजाच्या त्या वसाहतीत, कोणी एक मराठी पंडित परक्यास आपल्या घरातील नित्याचे शब्द शिकवीत होता. परदेशी राहून वेतनावर मराठी सांगणाऱ्या या माणसाला मी आपला पूर्वज मानतो. घरापासून इतक्या दूर असताना आपल्या स्वयंपाकघरातील शब्द एकामागून एक उच्चारून दाखविणे हीही एक प्रकारची न्याहारीच असली पाहिजे.

शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 'नाश्ता' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि 'न्याहारी'ही त्याच वाटेची असे कोशकार म्हणतात. 'फराळ' तेवढा फलाहाराचा अपभ्रंश. वस्तू मात्र शब्दांहून जुनी. शेतावर जाणाऱ्याची न्याहारी म्हणजे भाकरी, चटणी, कांदा. कोकणात उकड्या तांदळाची पेज. पांढरपेशा घरांत स्नान-पूजेनंतर दुपारचे जेवण हाच पहिला आहार. सकाळी मुलांपुरता मऊ भात किंवा रात्रीचा फोडणीचा भात. ही घडी मोडली इंग्रजी कचेरीच्या घड्याळाने. कचेरी साडेदहाची झाली तसे दुपारचे जेवण साडेनवावर ओढले गेले. कारकून घाईघाईने चार घास कोंबून डोक्यास पागोटे चढवू लागला, आणि पुढे चहा आल्यावर त्याच्या जोडीला पोहे, सांजा, उपीट असे पदार्थ सकाळच्या ताटलीत आले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० सालचे. दुसऱ्याच्या नावातच तो ग्रंथ कोणाच्या हाती पडावयाचा हे सांगून टाकले आहे. शिजविणारी ती, खाणारा तो, ही वाटणी आमच्या घरांतून इतकी पक्की होती की मला पन्नाशीला, बंगालमध्ये, एकटा पडल्यावर, भाताला पाणी किती हे पत्नीस दूरध्वनीवरून विचारावे लागले. "कधी बघितलंत का इतक्या वर्षांत?" एवढेच ती म्हणाली. त्यावर उत्तर नव्हते.

बराकपुरच्या शिपायाबद्दल वर मी जे जिव्हाळ्याने लिहिले त्याची दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याचा चौका हे त्याचे घर होते, तशी ती एक भिंतही होती. जानेवारी १८५७ मधील ती दमदमची गोष्ट प्रत्येक इतिहासात आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यातील एका खालच्या मानलेल्या जातीच्या मजुराने एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितले. शिपायाने नकार दिला. तेव्हा तो मजूर म्हणाला की थांबा, गाईडुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडू लागलात की तुमची जात कोठे राहते ते पाहू. बातमी दमदमहून बराकपुरास पोचली. पिठात हाडांचा चुरा मिसळल्याच्या अफवा मागोमाग उठल्या. २९ मार्चला मंगल पांडे कवायतीच्या मैदानावर उतरला, ३१ मार्चला १९ वी पलटण येथेच बरखास्त झाली आणि ८ एप्रिलला पांडे फासावर गेला. पुढचे सारे जगजाहीर आहे. पण एवढ्या ग्रंथांतून त्या मजुराविषयी एक साधी गोष्ट कोणी बोलत नाही : त्याला तहान लागली होती.

ही गोष्ट वाचली की मला आमच्या आजोळच्या परसातला कोनाडा आठवतो. त्यात कान तुटलेली एक कपबशी पालथी घातलेली असे. लाकडे फोडावयास येणाऱ्या म्हाताऱ्याचा चहा तिच्यात. चहा घरातल्यासारखाच, आल्याचा, भरपूर साखरेचा. कपबशी मात्र त्याने विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवावयाची. आमची आजी प्रेमळ होती. मी हे दोन्ही एकदमच सांगतो, कारण दोन्ही एकदमच खरे होते. १९२७ साली महाडास चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या लोकांवर दंगेखोर चालून गेले तेव्हा त्यांतील कित्येक मंडपात जेवत बसलेले होते, आणि त्यांचे अन्न मातीत मिळविले गेले. दमदमचा लोटा आणि महाडचे तळे यांमध्ये सत्तर वर्षे आहेत. अंतर मात्र फारसे नाही.

मुंबई इलाख्याची फौज या बाबतीत निराळी होती, असे तिकडचे गोरे अधिकारी अभिमानाने सांगत. मराठे, महार, मुसलमान, परदेशी, बेने इस्रायल असे सारे एका पलटणीत उभे राहत. जात बराकीच्या दाराशी ठेवून या, हा तिकडचा शिरस्ता. सिंधमधील जनरल जॉन जेकब याने बंगालच्या फौजेने जातीचे स्तोम माजविल्याबद्दल सत्तावन्नच्या आधीच कडक लिहिले होते. त्याचे म्हणणे बव्हंशी बरोबर निघाले. तथापि याच मुंबई फौजेने १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली, ज्यांनी १८१८ साली कोरेगावी तिच्यासाठी रक्त सांडले होते. तेव्हा दाराशी ठेवलेली जात साहेबाने स्वतःच उचलून आत आणली, असे म्हणावे लागते.

मग स्वतःसाठी निवांतपणे रांधावे आणि तरीही भिंत उभी राहू नये, असे काही आहे काय? याचे एक उत्तर बराकपुरापासून थोड्याच मैलांवर, कलकत्त्याच्या वाटेवर, पाणिहाटी येथे आहे. आणि ते चुलीवाचूनचे आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी चैतन्यांचे सहकारी नित्यानंद तेथे नदीकाठी वटवृक्षाखाली बसले असता सप्तग्रामच्या धनाढ्य जमीनदाराचा मुलगा रघुनाथदास दर्शनास आला. चोरासारखा लपत येतोस, तेव्हा तुला दंड, असे म्हणून नित्यानंदांनी त्यास सर्वांना दही-चिडे खाऊ घालण्यास सांगितले. चिडे म्हणजे आपले पोहे. अर्धे दह्यात कालविले, अर्धे आटीव दुधात, वर साखर आणि केळी. मातीची मडकी जमविली आणि प्रत्येकास दोन दोन दिली. गर्दी इतकी की काठावर जागा पुरेना, तेव्हा लोक गंगेच्या पाण्यात उभे राहून खाऊ लागले. कृष्णदास कविराजांच्या 'चैतन्यचरितामृता'त हा प्रसंग मोठ्या चवीने वर्णिला आहे, आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस पाणिहाटीस तो उत्सव अजून होतो. आपल्या गोपाळकाल्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही : तेच पोहे, तेच दही, एकाच्या हातचे दुसऱ्याच्या मुखी. वर्षातून एक दिवस काला आणि उरलेले दिवस कोनाड्यातली कपबशी, हा हिशेब दोन्ही प्रांतांचा सारखाच असावा, हे मला कबूल आहे. पण निदान एक दिवस तरी आहे.

न्यायमूर्ती रानडे १८८६ मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी कलकत्त्यास होते, तेव्हा हजामत करून घेता घेता त्या हजामाकडूनच बंगाली शब्द शिकून घेत, असे रमाबाईंनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. मोठ्यांचे अनुकरण करावे म्हणतात. माझी बंगाली मी चिड्यांच्या दुकानात शिकलो. जाड चिडे कांदेपोह्यांना चालतात, पातळ चिडे दह्यात. 'भिजवून ठेवू नका, गाळणीत धरून पाणी ओता' हा सल्ला दुकानदाराने फुकट दिला आणि तो खरा ठरला. खोबरे येथे मुबलक. कढीलिंब शोधावा लागतो. मोहरीच्या तेलाच्या फोडणीतले पोहे पहिल्यांदा घशाखाली उतरत नाहीत, तिसऱ्यांदा उतरतात.

आमच्या इमारतीचा जिना रविवारी सकाळी झाडावयास एक वृद्ध बाई येतात. सारे त्यांना माशी म्हणतात. माशी म्हणजे मावशी. गेल्या माघात एका सकाळी मऊ भाताचा वास जिन्यात गेला असावा. "दादा, की रांधछेन?" त्यांनी दारातून विचारले. मी दुसरी थाळी काढली. ती काढताना हात क्षणभर थबकला, हे मी नाकारीत नाही. फडताळात एक जुनी थाळी होती आणि एक चांगली. चांगली काढली. माशी आत येऊन टेबलाशी बसण्यास तयार होईनात. शेवटी उंबऱ्याशी त्या आणि समोर स्टुलावर मी, असे आम्ही जेवलो. मेतकूट त्यांनी बोटाने चाखून पाहिले आणि हे छातू, म्हणजे सातू, आहे असा निर्णय दिला. हरभऱ्याची डाळ, तांदूळ, गहू, उडीद भाजून दळलेले, हळद, हिंग, मेथी हे सारे मी सांगितले; त्यांनी मान हलविली व सातूच, असे पुन्हा म्हटले. भातावर तूप कशाला, कच्चे मोहरीचे तेल का नाही, हेही विचारून झाले.

पुढच्या रविवारी त्या कागदाच्या पुडीत खजुराचा नवा गूळ घेऊन आल्या, आणि उंबऱ्याऐवजी दाराच्या आतल्या पाटावर बसल्या. मेतकुटाच्या भातावर गूळ कोणी खात नाही, हे मी त्यांना अजून पटवून देऊ शकलेलो नाही.